सत्कार नको, बापाला त्याचं काम द्या

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयात कुटुंबातल्या वडिलांच्या स्थानावर परिसंवाद झाला. पहिले वक्ते निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचं म्हणणं असं, की बापाने आयुष्यभर हाडाची काडं करायची, घर बांधायचं, शिक्षणं करायची आणि कौतुक सगळं आईच्या वाट्याला. आजच्या घरात बापाला मान उरला नाही आणि कायदेही त्याच्यावर उलटले. दुसऱ्या वक्त्या तरुण प्राध्यापिका. त्यांनी विचारलं, मान कसला मागता? रात्री मूल रडलं तर किती बाप उठतात? टाळ्या दोघांनाही पडल्या. मला मात्र घरी पोचेपर्यंत एक गोष्ट खटकत राहिली. दोघं एकमेकांना खोडून काढत होते, पण मुळात त्यांचं एकमत होतं: मूल वाढवणं हे आईचं काम. एकाला त्या कामासाठी पैसा पुरवणाऱ्याचा सत्कार हवा होता, दुसरीला त्या कामाला हात न लावणाऱ्याकडून हिशेब हवा होता. दोघांच्याही मांडणीत बाप उंबरठ्याबाहेर उभा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बापाचा आदर करायचा असेल तर मुलाच्या रोजच्या कामात त्याला हक्काची जागा द्या, आणि ती त्याने रिकामी ठेवली तर त्याला जाब विचारा. ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, अशा माणसाला वर्षातून एकदा हार घालून काय होतं? बापाच्या त्यागाची भाषणं ऐकताना मला नेहमी वाटतं, की या माणसाला आपण घरातून आधीच वजा केलेलं आहे.

आपण बोलतो कसं तेही पाहावं. ‘आमचे हे खूप मदत करतात हो’, असं बायका कौतुकाने सांगतात. मदत शेजारी करतो, पाहुणा करतो. स्वतःच्या कुळागरात पोफळींना पाणी लावणाऱ्या माणसाला कुणी ‘बागायतीत मदत करतो’ म्हणत नाही. आणि पुरुषाच्या मायेची थोरवी सांगायची वेळ आली की आपण त्याला ‘माउली’ म्हणतो. ज्ञानोबा माउली, विठू माउली. ही उपमा मला अतिशय प्रिय आहे, पण तिच्यामागे एक कबुली दडली आहे: हळवा, जवळ घेणारा पुरुष दिसला की तो आईसारखाच असणार. वास्तविक संतांना तसला बाप अनोळखी नव्हता. ज्ञानदेवांच्या अभंगांची नाममुद्राच मुळी ‘बाप रखुमादेवीवरु’ अशी आहे. आणि तुकोबांनी एका अभंगात जो बाप रंगवला तो स्वतःचं पोट मारून लेकरासाठी जोड करतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. त्याला कडेवर वागवतो, दागिने घालतो आणि डोळे भरून पाहत बसतो. जोड करणारा बाप आपण लक्षात ठेवला. कडेवर घेणारा तेवढा विसरलो.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू, कारण ती बाजू हलकी नाही. ‘बापाचा मान’ या शब्दांनी या देशात पुष्कळ अन्याय झाकला आहे. आपल्या गोव्यापुरतं बघायचं तर १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून इथे लागू झाली, आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही आपला कौटुंबिक कायदा तिच्याच पायावर उभा राहिला. मुलगा-मुलगी असा भेद न करता वारसा देणारा कायदा म्हणून तिचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्या मूळ संहितेत संसार चालू असेपर्यंत मुलांवरचा अधिकार मुख्यतः बापाचा होता. आईचं म्हणणं ऐकून घ्यावं, इतकीच तिची बूज. उरलेल्या भारतात १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्याने लिहिलं: नैसर्गिक पालक बाप, ‘त्याच्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रोखे घ्यायचे ठरवले तेव्हा रिझर्व्ह बँकेने बापाची सही मागितली. त्या ‘नंतर’चा अर्थ बाप वारल्यावर असाच घ्यायचा नसतो, त्याच्या अनुपस्थितीत असाही होतो, हे सांगायला १९९९ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. तेव्हा कुणी स्त्री ‘बापाचा आदर’ म्हटल्याबरोबर सावध होत असेल तर तिला अनुभवाने सावध केलेलं आहे, आणि ते मी मान्य करतो.

पण त्या कायद्यांनी बापाला नेमकं काय दिलं? सही दिली, मांडी दिली नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत वहाणांचा आवाज आला की सोप्यावरची पोरं गप्प व्हायची. त्याला आदर म्हणायचे. त्या आदराची किंमत म्हातारपणी चुकती व्हायची. आजही बाहेरगावाहून मुलाचा फोन येतो, बाप उचलतो, ‘बरा आहेस ना? जेवलास?’ एवढं विचारतो आणि म्हणतो, ‘थांब, आईकडे देतो.’ किती घरांत हे वाक्य रोज बोललं जात असेल! चाळीस वर्षं ज्याच्या सहीने घर चाललं त्याच्यापाशी मुलाशी बोलायला दुसरं वाक्य नसतं. अधिकारापोटी बापाची जवळीक गेली, आणि त्यात जितकं आई-मुलांचं नुकसान झालं तितकंच त्याचंही झालं. म्हणून ‘जुना मान परत द्या’ ही मुख्याध्यापकांची मागणी मला बापांच्या हिताची वाटत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाचंही गोव्याने पाहिलं आहे. देवळांच्या आश्रयाने राहणाऱ्या कलावंत घराण्यांत, जिथल्या बायकांची रीतसर लग्नं होत नसत, कित्येक मुलांचा बाप साऱ्या गावाला ठाऊक असे, पण त्याच्यावर ना नावाचं बंधन ना जबाबदारी. समाजाने त्या यजमानाला, म्हणजे त्या आश्रयदात्या बापाला, काही विचारलं नाही. विचारलं ते त्या मुलांना. त्या समाजाच्या सुधारणेसाठी आयुष्य वेचणाऱ्या राजाराम पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिलं ‘मी कोण?’ बापाचं असणं-नसणं मुलाच्या आयुष्यात किती खोल जातं, हे या दोन शब्दांत आहे. याच मातीत १९०० साली मंगेशीला दीनानाथ जन्मले. आई येसूबाई, कलावंत घराण्यातली. वडील देवळातले पुजारी. दीनानाथांनी आडनाव घेतलं ते मंगेशाच्या गावाचं. लताबाई पुढे वारंवार सांगत ती आठवण प्रसिद्ध आहे: एका शिष्याला पूरिया धनाश्री देऊन दीनानाथ जरा बाहेर गेले, परतले तर लहानगी लता त्या शिष्याची चूक दुरुस्त करून दाखवत होती. घरात गाणं आहे आणि आपण बाहेरच्यांना शिकवतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी मुलीला समोर बसवलं. १९४२ मध्ये ते गेले तेव्हा ती अवघी साडेबारा वर्षांची होती. मुलीला शेजारी बसवून शिकवायला मिळालेली थोडीशी वर्षं. ज्याला स्वतःला बापाचं आडनाव लाभलं नाही, त्याने बाप म्हणून काय दिलं ते सगळ्या देशाने ऐकलं. हे कुठल्या सहीने येत नाही.

प्राध्यापिकाबाईंचा मुद्दा मात्र आकड्यांचा होता, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही स्त्रीचा वेळ दिवसाला १४० मिनिटं, पुरुषाचा ७४. म्हणजे जवळजवळ निम्मी माणसं, निम्मा वेळ. हे लाजिरवाणं आहे आणि त्यावर पुरुषांनी सबबी सांगू नयेत. पण पुढे काय? नुसतं लाजवून हे बदलेल का? नॉर्वेत बापांना रजेची मुभा आधीपासून होती, घेत कुणी नव्हतं. १९९३ मध्ये त्यांनी चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले. त्याने घेतले नाहीत तर ते बुडाले, आईच्या खात्यात जाणार नाहीत. काही वर्षांत बहुसंख्य बाप रजेवर जाऊ लागले. एवढ्यात तिथले पुरुष सद्गुणी झाले का? बदललं ते इतकंच, की साहेबाला सांगायला आणि शेजाऱ्याला तोंड द्यायला त्यांच्या नावाची जागा तयार झाली.

आपल्याकडे बापाच्या नावाची जागा केवढी आहे? केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवस. खाजगी नोकरीत त्याला एकही दिवस देण्याचं बंधन कायद्याने नाही. आईला २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस आठवडे मिळाले, उत्तम झालं. पण तो भार एकट्या मालकावर आणि रजा एकट्या बाईला, त्यामुळे कामावर घेताना तरुण मुलीकडे बघून मालक हिशेब करू लागतो. याच दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं, आणि दिवसातून चार वेळा मुलाला भेटून यायची मुभा दिली ती फक्त बाईला. त्याच आवारात काम करणारा बाप गेला तर ते काम चुकवणं. सगळ्यांत बोलकी गोष्ट बालसंगोपन रजेची. केंद्र सरकारी नोकरीतल्या स्त्रीला ती ७३० दिवस मिळते. डिसेंबर २०१८ पासून पुरुषालाही मिळू लागली, पण अट अशी की तो एकटा पालक हवा: अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित. म्हणजे सरकारच्या लेखी बाप मूल वाढवू शकतो, पण बायको जिवंत आणि घरात असेल तर त्याने ते करायचं कारण नाही. यापेक्षा मोठा अनादर कुठला? आणि नवल म्हणजे बापाच्या मानासाठी कळवळून बोलणाऱ्यांपैकी कुणी या अटीविरुद्ध बोललेलं मी ऐकलं नाही.

निसर्गाचा दाखला देणारेही असतात: आईची ओढ ती आईची, बापाला ते जमत नाही. अंगावर पाजणं बापाला जमत नाही, खरं आहे. त्यापुढची सोळा-सतरा वर्षं काय? शिवाय निसर्ग बापाला मोकळा सोडत नाही. फिलिपीन्समधल्या सेबू इथे सहाशेहून अधिक पुरुषांच्या पाहणीत आढळलं (२०११), की बाप झाल्यावर पुरुषाच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरतं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलात असतात त्यांचं आणखी कमी दिसतं. मूल हाताळता हाताळता शरीरही बापाचं होत जातं.

सगळ्यांत अवघड आक्षेप वेगळाच आहे. बाप हवाच, असं म्हटलं की ज्या बायांनी एकट्याने मुलं वाढवली त्यांचा अपमान होतो. हे मला टोचतं, कारण गोव्यातली किती घरं अशीच उभी राहिली! बाप तारवटी, नऊ-नऊ महिने बोटीवर, बाप आखातात, बाप खनिज वाहणाऱ्या बार्जवर. त्या आयांनी शेत, सासू-सासरे, शाळा, आजारपणं एकटीने ओढली आणि पोरं कुठेही कमी पडली नाहीत. जिजाऊंचं उदाहरण तर प्रत्येक मराठी माणसाच्या ओठावर असतं. शहाजीराजे कर्नाटकात, मुलगा इथे, घडवलं आईने. मी हे सगळं मानतो. पण एखादीने एकटीने भार ओढला म्हणून तो भार एकटीचाच होता, असं कसं ठरतं? दुष्काळ काढलेल्या माणसाला आपण ‘पावसाची गरज नसते’ असं सांगत नाही. आणि त्या घरांत डोकावलं तर दिसतं, की तिथे बापाची जागा पुसली नव्हती. आजोबांनी, मामाने, मास्तरांनी ती आळीपाळीने सांभाळली, आणि कित्येकदा आईने ती राखली.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे वडील बार्जवर खलाशी होते. आमोण्याला, सारमानसला खनिज भरायचं, मांडवीतून खाली मुरगावच्या बंदरात जहाजाला लावायचं, परत यायचं. घरी येत ते तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्याने, आणि आले की झोपत. पण आल्याच्या दुसऱ्या सकाळी, शनिवार नसला तर, दाढीचं अर्धं पातं घेऊन ते सोप्यावर बसत आणि आम्हा तिघा भावंडांची नखं काढत. पाय त्यांच्या मांडीवर, हाताला तांबड्या मातीचा आणि डिझेलचा वास. एकेका बोटाबरोबर एकेक चौकशी: गणितात किती, सायकल कुणी पाडली, आईला उलट का बोललास. एकदा ते दहा-बारा दिवस आले नाहीत. प्रार्थनेनंतर नखांची तपासणी होती, माझी वाढलेली, पट्टी बसली. घरी येऊन रडलो तर आई म्हणाली, ‘राहू दे, बाबा येतील.’ मला तेव्हा आईचा राग आला. पातं घरात होतं, तिला दोन मिनिटांचं काम. फार उशिरा कळलं, की घरातली शंभर कामं करणाऱ्या त्या बाईने ते एक मुद्दाम ठेवलं होतं. आम्हाला बापाकडे जायला एक कारण हवं, आणि बापाला आमच्याकडे यायला. ती असती परिसंवादात, तर दोन्ही वक्त्यांना तिच्यापासून शिकता आलं असतं.

दुसरं उदाहरण याच्या उलट. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, कुठेही जा, अंगणात ट्रक उभे आणि सोप्यावर बाप बसलेले. आमच्या वाड्यावरच्या एका ट्रकवाल्याची बायको नोकरीसाठी पहाटेची बस धरू लागली आणि दुसरीतली मुलगी त्याच्या गळ्यात पडली. शाळेला दोन वेण्या, वर दुमडून, लाल फिती. पहिला महिनाभर भांग नागमोडी जायचा, एक वेणी कानाजवळ तर दुसरी मानेवर. तो कंगव्याच्या टोकाने पुन्हा पुन्हा भांग पाडायचा, मुलगी ‘दुखता’ म्हणून ओरडायची. दिवाळीपर्यंत भांग सुतासारखा सरळ झाला. आणि वाडा काय म्हणाला? ‘बिचारा. काम गेलं, आता बायलमाणसाचं काम करतो.’ हे बोलणाऱ्यांत बाप्ये होते तशा बायकाही होत्या. पुढे त्याला एका कारखान्यात गाडी चालवायचं काम मिळालं, तरी मुलगी आठवीपर्यंत वेण्या त्याच्याकडूनच घालून घेत होती. त्या माणसाची कीव करणाऱ्या गावात बापाचा मान कमी झाला म्हणून कुणी परिसंवाद भरवू नये.

त्याच वर्षांत, त्याच वाड्यावर, दोन घरं सोडून दुसरा ट्रकवाला हप्ते थकले म्हणून बारमध्ये बसू लागला आणि घरी येऊन हात उचलू लागला. त्याची बायको मुलांना घेऊन माहेरी निघून गेली. तिने योग्य तेच केलं. बापपणाचा आदर म्हणजे प्रत्येक बापाला सोसणं नव्हे, आणि मुलांच्या ताब्याच्या भांडणात तर हे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं. विधी आयोगाने २५७ व्या अहवालात (२०१५) संयुक्त ताब्याची शिफारस केली. मी तिच्या बाजूचा आहे. पण पोटगी कमी व्हावी म्हणून अचानक बापपण आठवलेल्यांसाठी ती नसावी. न्यायालयाने विचारावं: मुलाच्या वर्गशिक्षिकेचं नाव काय, कुठल्या औषधाने त्याला पुरळ येतं, अंधारात झोपतं की दिवा लागतो? ज्याला हे ठाऊक आहे त्याला महिन्यातून दोन शनिवारचे चार तास देऊन बोळवणं हा त्याच्यावरही अन्याय आणि मुलावरही. ज्याला ठाऊक नाही, त्याने आधी ते शिकून यावं.

मोठे कायदे होतील तेव्हा होवोत. शाळेने ‘माता-पालक मेळावा’ हे नाव बदलायला कुठला ठराव लागत नाही. हजेरीपटावर दोघांचे नंबर लिहावेत आणि मूल आजारी पडलं तर एकदा बापाला फोन लावून पाहावा. बायकांनीही, हे जरा भीत भीतच लिहितो, त्याने घातलेला डबा पुन्हा उघडून भरू नये. पहिला महिना भांग वाकडा जाणारच.

माझी मुलगी साडेतीन महिन्यांची असताना तिला लस टोचायला मी एकटा घेऊन गेलो होतो. बायकोची परीक्षा होती. परिचारिकेने आधी माझ्या मागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, ‘आवय खंय?’ म्हणजे आई कुठे? मी म्हटलं, मीच आलोय. बाई प्रेमळ होती. मुलीला टोचलं, पुसलं, आणि मला म्हणाली, ‘जोर येतलो, आवयक सांग.’ ताप येईल, आईला सांग. थेंब किती द्यायचे तेही आईला कार्ड वाचून कळेल म्हणाली. मी म्हटलं, ‘मला सांगा. रात्री मी उठतो.’ तिने क्षणभर बघितलं आणि सांगितलं. नवव्या महिन्यात गोवराच्या लशीला पुन्हा मीच गेलो, तीच परिचारिका होती. या खेपेला तिने दाराकडे पाहिलं नाही. कार्ड उघडता उघडता मला विचारलं, मागच्या वेळी ताप किती राहिला होता. दीड दिवस, मी म्हटलं, आणि दुसऱ्या रात्री अडीच वाजता घाम येऊन उतरला.